यंदा पेंग्विन नको, बांबू आणा

(इंदूरच्या आमच्या कॉलनीतल्या गणेशोत्सव मंडळाला खुले पत्र)

माननीय अध्यक्ष, सचिव आणि देखावा समितीतल्या मुलामुलींनो,

स. न. वि. वि.

मंडळाच्या ग्रुपवर परवा निरोप आला की यंदाही देखाव्याचा विषय 'पृथ्वी तापते आहे' हाच ठेवायचा, कारण मागच्या वर्षीचा थर्मोकोलचा बर्फ माळ्यावर तसाच पडून आहे आणि खर्च वाचेल. खर्च वाचवायला माझी ना नाही. विषयालाही नाही. पण रविवारच्या बैठकीला माझे गुडघे मला जिना चढू देणार नाहीत, म्हणून जे बोलायचे ते इथे लिहिते. कुणाची उणीदुणी काढायचा हेतू नाही. थोडी निघतील, ती पोटात घाला.

मागच्या वर्षीचा देखावा आठवा. निळ्या दिव्यांत थर्मोकोलचा डोंगर, त्यावर ग्लिसरीनचे अश्रू ढाळणारे पांढरे अस्वल आणि त्याच्या मांडीला मांडी लावून पेंग्विन. अस्वल उत्तरेचे, पेंग्विन दक्षिणेचा. या दोघांची भेट व्हायची तर ती प्राणिसंग्रहालयातच. पण ते सोडा, गणपतीच्या दरबारात उंदीर आणि साप एकत्र बसतात, तर हेही बसले असे समजू. पुढे बर्फाची खरी लादी ठेवली होती आणि तिच्यावर हीटर रोखला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऐन आरतीत, लादीचे पाणी सतरंजीखालून एक्स्टेंशन बोर्डापर्यंत पोचले. फट् असा आवाज आणि अंधार. 'घालीन लोटांगण' आपण मोबाइलच्या उजेडात म्हटले. कुणाला शॉक बसला नाही ही बाप्पाची कृपा.

त्याबद्दलही माझी तक्रार नाही. माझे मन अडकले ते त्याच्या आधीच्या दिवशी. सात-आठ वर्षांचा एक मुलगा रांगेतून पुढे आला, पाटीवरचा मजकूर त्याने अक्षर अक्षर लावून वाचला आणि तुमच्या स्वयंसेवकाला विचारले, "पर भिया, नापा कैसे?" इतका बर्फ कमी झाला म्हणता, पण मोजला कुणी आणि कशाने? आपला स्वयंसेवक म्हणाला, "गूगल पे है, आगे चलो." मुलगा पुढे गेला. रांग मोठी होती, स्वयंसेवकाला दोष नाही. पण मी चौतीस वर्षे विज्ञान शिकवले आणि इतका नेमका प्रश्न मला वर्षातून एखाद्या वेळीच मिळे. तो असा वाया गेला.

माझे वडील मिलमध्ये फिटर होते. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले गाडीवरचे देखावे, तुम्ही पाहता त्या रोषणाईच्या. त्यांच्या काळी मिलच्या झांकीत खरी जान असे ती पट्टे, पुल्या आणि जुन्या सायकलच्या चेनची. कालियामर्दनातला कृष्ण नाचायचा तो खाली लपवलेल्या मोटारीवर. मिरवणूक निघायच्या आधी वडील आम्हा भावंडांना झांकीच्या मागे न्यायचे आणि पडदा वर करून आतली यंत्रणा दाखवायचे. पुढून सगळे गाव बघायचे, पण आम्हाला मागची बाजू जास्त आवडायची. मला तुमच्याकडून हवे आहे ते एवढेच. यंदाचा देखावा मागच्या बाजूने दाखवा. बर्फ वितळतो आहे हे आता शेंबडे पोरही सांगते. ते कळले कसे, ते दाखवा.

सुरुवात त्या लादीपासूनच करा. बर्फाच्या कारखान्यातून लादी आली की भुसा झाडून ती उजेडात धरून बघा. कडेला काचेसारखी पारदर्शक आणि मधोमध दुधाळ रेघ. पाणी बाहेरून आत गोठत जाते, पाण्यात विरघळलेली हवा मध्यभागी ढकलली जाते आणि तिथे बारीक बुडबुडे होऊन अडकते. ती दुधाळ रेघ म्हणजे ते बुडबुडे. ध्रुवावर बुडबुडे वेगळ्या रीतीने होतात, पण हवा अडकते ती तशीच. तिथे बर्फ भुरभुरतो, त्यावर पुढच्या वर्षीचा, त्यावर त्याच्या पुढचा. कणांमधल्या फटींत हवा असते. पन्नास ते शंभर मीटर खाली गेल्यावर वरच्या भाराने फटी मिटतात आणि त्या वेळची हवा कुलूपबंद होते. म्हणून बुडबुड्यातली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते. हा फरक हिशेबात धरावा लागतो.

हे लक्षात कसे आले, त्याची एक गोष्ट आहे. क्लोद लोरियुस नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ १९६५ साली अंटार्क्टिकात मुक्कामाला होते. एका संध्याकाळी त्यांनी खोलवरून काढलेल्या जुन्या बर्फाचा तुकडा व्हिस्कीत टाकला, तो तडतडला, बुडबुडे वर आले, आणि त्यांच्या डोक्यात आले की ही तर जुन्या काळची हवा सुटते आहे. देखाव्यात पेल्यात कोकम सरबत दाखवा, व्हिस्कीचे मंडळाच्या वर्गणीदारांना मी समजावू शकणार नाही.

तर आडव्या धारेचे पोकळ यंत्र खाली सोडून बर्फाचे लांब कांडे कापून वर काढतात, तोच हिमगाभा. भूगर्भवाले खडकाचा काढतात, तसाच. अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक या रशियन ठाण्यावर १९९८ पर्यंत ३६२३ मीटर खोल गेले आणि सव्वाचार लाख वर्षांची हवा हाती आली. नंतर डोम सी इथे युरोपीय चमूने आठ लाख वर्षे गाठली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच भागात २८०० मीटर खोल खडकाला टेकून बारा लाख वर्षांहून जुना बर्फ बाहेर आला आहे. कांडे फोडून, हवा निर्वात भांड्यात काढून तिच्यातला कार्बन डायऑक्साइड मोजला, तर त्या आठ लाख वर्षांत तो दशलक्ष भागांत १८० ते ३०० या पट्ट्यात खाली-वर होत राहिलेला दिसतो. आज तो ४२० च्या वर आहे. अस्वलाच्या अश्रूंपेक्षा मला हा एक आकडा जास्त बोलका वाटतो. आठ लाख वर्षांचा तक्ता भिंतभर लांब काढा आणि शेवटच्या बोटभर जागेत रेघ छताकडे जाऊ द्या. छत कमी पडले तर आणखी बरे.

पण तपमान कसे कळले? बर्फात तर थर्मामीटर पुरलेला नव्हता. इथे विली डान्सगार्ड या डॅनिश माणसाची बाटली येते. (दोन्ही गोष्टींत बाटली आहे, त्याला माझा इलाज नाही.) १९५२ च्या जूनमध्ये कोपनहेगनला त्यांनी अंगणात बिअरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळे ठेवून पावसाचे पाणी धरले आणि सरी बदलल्या तशा बाटल्या बदलल्या. पाण्यातला बहुतेक ऑक्सिजन १६ वजनाचा असतो; पाचशेत एखादा अणू १८ चा. ढग जसा थंड होत जातो तसे जड ऑक्सिजनचे पाणी आधी गळून पडते. आपण राजवाड्यापासून खजराण्याच्या गणपतीला पायी निघतो तेव्हा जड पिशव्यावाले आधी ओट्यावर टेकतात, शेवटपर्यंत पोचतात ते हलके, तसेच. जितकी थंडी जास्त, तितके ध्रुवापर्यंत पोचणारे पाणी हलके. म्हणून बर्फाच्या प्रत्येक थरातले जड-हलक्याचे प्रमाण वजनाप्रमाणे अणू वेगळे करणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापी या यंत्रावर काढले की त्या काळची थंडी वाचता येते. थराचे वय वरच्या भागात झाडाच्या वलयांसारखे मोजतात आणि मध्ये ज्वालामुखीच्या राखेच्या, आम्लाच्या खुणा मैलाच्या दगडांसारख्या उपयोगी पडतात. इंदूर होळकरांची राजधानी झाले १८१८ मध्ये. त्याच्या तीन वर्षे आधी इंडोनेशियात तंबोरा फुटला. त्याची खूण ग्रीनलंडच्याही बर्फात आहे आणि अंटार्क्टिकाच्याही. दोन टोकांच्या वह्या एकाच तारखेला जुळवायला यापेक्षा चांगला शिक्का कुठला मिळणार?

आपला देश यात नाही असे मुलांना वाटू देऊ नका. पहिली भारतीय मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तिथले आपले पहिले ठाणे दक्षिण गंगोत्री बर्फाखाली गाडले गेले. आज मैत्री आणि भारती ही दोन आहेत आणि उत्तरेला स्वालबार्डमध्ये २००८ पासून हिमाद्री. आपले हिमगाभे गोव्यात वास्कोला, राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्र संशोधन केंद्रात, उणे वीस अंशांच्या खोलीत ठेवलेले असतात. बाहेर गोव्याचा उकाडा आणि आत शास्त्रज्ञ कानटोपी घालून करवत चालवताहेत, हे दृश्य देखाव्यात करायला किती सोपे आहे!

आता वरून बघणारी यंत्रे. पुष्कळ आहेत, सगळी नका मांडू. मला विचाराल तर सर्वात जास्त जागा द्या ती एका जोडीला, म्हणजे ग्रेस नावाच्या दोन उपग्रहांना. मार्च २००२ मध्ये सोडले, एकामागे एक, मध्ये सुमारे २२० किलोमीटर, म्हणजे इंदूर-भोपाळपेक्षा थोडे जास्त. त्यांची टोपणनावे टॉम आणि जेरी. त्यांना जमिनीकडे बघणारा कॅमेराच नव्हता! ते फक्त एकमेकांमधले अंतर मोजत. खाली जड काही आले, डोंगर असो की बर्फाचा थर, की त्याची ओढ पुढच्याला आधी लागते, तो किंचित पुढे सरकतो, अंतर वाढते. मग मागच्याला लागते, अंतर मिटते. ही ओढाताण केसाच्या जाडीपेक्षा कमी असली तरी मायक्रोवेव्हने ती मोजता येत असे. महिन्या-महिन्याला ओढीचा नकाशा काढला की कुठले वजन घटले ते कळते. थोडक्यात, पृथ्वीचे वजन तराजूशिवाय करायचे. ती जोडी २०१७ ला संपली, मे २०१८ मध्ये तिची वारसदार गेली, तिच्यावर लेसरही आहे.

यात एक गोम आहे आणि ती मुलांना मुद्दाम सांगा. हिमयुगात बर्फाच्या भाराने दबलेली जमीन अजूनही, गादीवरून उठल्यावर गादी उठते तशी, हळूहळू वर येते आहे. तिचेही वजन या मोजणीत येते, ते वजा करावे लागते. ते नीट वजा न केल्यास अंटार्क्टिकाचा आकडा चुकतो. शास्त्रज्ञ या एका वजाबाकीवर वर्षानुवर्षे भांडले आहेत.

या मोजणीत ग्रीनलंडचा बर्फ वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास घटताना दिसला. अब्ज टन म्हटले की डोळ्यांपुढे काही येत नाही, माझ्याही नाही. म्हणून मी आपल्या पुनाशाच्या इंदिरा सागरशी भागाकार केला. त्याची क्षमता १२.२२ अब्ज घनमीटर. म्हणजे तसे बावीस इंदिरा सागर, दर वर्षी. जलूदहून आलेले नर्मदेचे पाणी ज्या शहराच्या नळाला येते, त्या शहरातल्या माणसाला ही तुलना कळेल. आणि ज्या माळव्याला 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणायचे, तिथल्या माणसाला हेही सांगा की वायव्य भारतातले भूजल किती उपसले गेले, तेही याच जोडीने दाखवले. त्यावरचा अभ्यास २००९ मध्ये आला. बर्फ मोजायला गेलेल्या यंत्राला पंजाब-हरयाणाच्या विहिरी दिसल्या.

ही जोडी मांडायला काय लागते? दोन मुले, एक लांब रबर आणि जमिनीवर उशी. उशीपाशी पुढचा मुलगा भरभर चालतो, रबर ताणते. मग मागचा. तीन मिनिटांचा खेळ.

दुसरे, हिरवा लेसर. १५ सप्टेंबर २०१८ रोजी गेलेला आइससॅट-२ हा उपग्रह सुमारे पाचशे किलोमीटरवरून सेकंदाला दहा हजार वेळा हिरव्या प्रकाशाचे ठोके मारतो. प्रत्येक ठोक्यात खर्व-निखर्व प्रकाशकण निघतात आणि बर्फावरून आपटून यंत्रापर्यंत परत येतात ते जेमतेम डझनभर. तेवढ्यांच्या जाण्यायेण्याची वेळ मोजून उंची काढायची. पूर्ण फेरीला सेकंदाच्या हजार भागांतल्या सुमारे तीन भागांइतका वेळ लागतो, आणि त्यातून बर्फ वर्षात अर्धा सेंटिमीटर खचला तरी हिशेबात येतो. ज्या शहरात १९८४ मध्ये स्थापन झालेले, लेसरवर काम करणारे राजा रामण्णा केंद्र आहे, तिथल्या मुलांना हे कौतुकाने सांगायला हवे. मात्र हिरवा पॉइंटर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावू नका, पायाखाली लावा.

रडारवाल्यांचे थोडक्यात. क्रायोसॅटचा पहिला उपग्रह २००५ मध्ये उड्डाणातच गेला. युरोपियांनी पुन्हा बांधला आणि २०१० मध्ये पाठवला. तो तरंगत्या बर्फाचा पाण्यावरचा भाग मोजून जाडी काढतो. आपला आणि नासाचा मिळून निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. बारा मीटरची जाळीची छत्री, ढग असो की रात्र, दर बारा दिवसांनी तीच जागा, त्यामुळे हिमनदी किती सरकली ते दिसते. छत्रीसाठी मांडववाल्याकडे जुनी मच्छरदाणी असेल. आणि हत्तीसील! दक्षिण समुद्रातल्या सीलच्या डोक्यावर छोटे यंत्र चिकटवतात, तो बर्फाखाली बुडी मारून पाण्याचे तपमान आणि खारटपणा मोजून आणतो, कात टाकली की यंत्रही गळून पडते. रडणाऱ्या अस्वलाच्या जागी हा टोपीवाला सील बसवा. शेंबडी पोरे त्याच्यासमोरून हलणार नाहीत.

आणि आता बांबू, ज्यासाठी एवढा शब्दप्रपंच. लाहौल-स्पितीत छोटा शिगरी नावाची हिमनदी आहे. २००२ पासून तिच्यावर दर वर्षी मोजणी चालू आहे. वाफेच्या यंत्राने बर्फात भोक पाडतात, त्यात बांबू रोवतात. पुढच्या वर्षी येऊन बांबू किती उघडा पडला ते मोजपट्टीने बघतात. दोन मीटर उघडा पडला तर दोन मीटर बर्फ गेला. झाले! चंद्रा खोऱ्यात २०१६ पासून हिमांश नावाचे ठाणे आहे, तेरा हजार पाचशे फुटांवर. आजूबाजूच्या हिमनद्यांच्या मोजण्या तिथून चालतात. उपग्रह कितीही हुशार असो, त्याची मोजणी बरोबर आली की नाही ते ताडायला कुणीतरी चढून जाऊन बांबू बघावा लागतो. मला स्वतःला या सगळ्या यंत्रांत बांबूच सर्वात जास्त आवडतो. वडिलांनाही आवडला असता.

उत्तर ध्रुवाचा बर्फ वितळून मुंबई बुडेल, असे मागच्या वर्षीच्या पाटीवर होते. त्याबद्दल दोन शब्द. उत्तर ध्रुवावरचा बर्फ समुद्रावर तरंगतो. तो वितळल्याने पाण्याची पातळी जवळजवळ वाढत नाही, पेल्यातला बर्फ वितळून पेला सांडत नाही तसे. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ पाण्यात आल्याने, म्हणजे ग्रीनलंड, अंटार्क्टिका, हिमनद्या; शिवाय समुद्र तापून फुगतो त्याने. दोन पेले ठेवा: एकात बर्फ तरंगता, दुसऱ्यात चाळणीवर. आरतीपूर्वी दोन्हींवर रेघ मारा, आरतीनंतर मुलांनाच बघू द्या. पाटी मी नवी लिहून देते.

तरंगत्या बर्फाची गोष्ट वेगळी आहे आणि ती नेमकी आपल्या दिवसांची आहे. आपण मोदक करतो त्याच सुमारास, सप्टेंबरच्या मध्यावर, आर्क्टिकवर वर्षातला सर्वात कमी बर्फ असतो. १९७८ च्या अखेरीपासून उपग्रह बर्फातून येणाऱ्या मायक्रोवेव्हवरून त्याचा विस्तार मोजतात. ध्रुवावरच्या सहा महिन्यांच्या रात्रीतही. १९८० च्या सुमारास तो सप्टेंबरात सत्तर लाख चौरस किलोमीटरच्या आसपास असे. सप्टेंबर २०१२ मध्ये चौतीस लाखांवर आला, म्हणजे जवळजवळ भारताएवढा. दक्षिणेकडे मात्र हा तरंगता बर्फ २०१४ पर्यंत थोडा वाढत होता आणि नंतर एकदम घसरून २०२३ मध्ये नीचांकाला गेला. हे न लपवता लिहा. 'सगळीकडे सारखे वितळते' असे लिहिले तर एखादा हुशार मुलगा घरी जाऊन तपासेल आणि बाकीच्या पाट्यांवरूनही त्याचा विश्वास उडेल.

बैठकीत कुणीतरी म्हणणारच की गणपतीत शाळा नको, लोक मजा बघायला येतात. खरे आहे. पण झांक्यांच्या रात्री मी पाहिले आहे, थांबलेल्या गाडीच्या खाली वाकून पट्टा कुठून कुठे गेला ते बघणारे बापे कमी नसत. त्यांना कुणी शाळेत बसवले नव्हते.

तर मागणी अशी. थर्मोकोल माळ्यावरच राहू द्या. रबर, दोन पेले, चाळणी आणि मोजपट्टी मी देते. बांबू मांडववाल्याकडे मागा, तो नाही म्हणणार नाही. त्यावर दहा-दहा सेंटिमीटरवर लाल-पांढरे पट्टे रंगवा आणि लादीत भोक पाडून रोवा. रोज सकाळच्या आरतीला तो किती उघडा पडला ते एका मुलाकडून फळ्यावर लिहून घ्या. पहिल्या दिवशीचा मुलगा कोण, ते मला माहीत आहे. मागच्या गल्लीत राहतो, मी त्याच्या आजीला विचारून ठेवले आहे.

लादीचे पैसे माझ्याकडून. रोज एक बदलावी लागली तरी. एक्स्टेंशन बोर्ड तेवढा या वेळी खांबाला उंच बांधा.

तुमच्या
बाई
(कोपऱ्यावरचे घर, इंदूर)